घुमटाखालचं दप्तर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की अमेरिकेतलं एखादं छोटं गाव समजून घ्यायचं असेल तर तिथल्या कोर्टहाउसपासून सुरुवात करावी, तोच गावाचा कणा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांच्याच नावावर. नव्या वाचकांसाठी सांगते, मी वास्तुरचनाकार. सेंट लुईसला असताना जुन्या सरकारी इमारतींची मोजमापं घ्यायची आणि नकाशे काढायचे, हेच बरीच वर्षं माझं पोटापाण्याचं काम होतं. त्यामुळे उत्तरांत इतिहासापेक्षा भिंती आणि जिने जास्त येतील, ते चालवून घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी सेंट लुईसला असते. तिच्याकडून रेल्वेने शिकागोला जाताना कार्लिनव्हिल नावाच्या गावी आम्ही मुद्दाम उतरलो. गाव एवढंसं, पण मधोमध विधानभवनासारखा घुमट! जावई म्हणाले, हे इथलं कोर्ट. मला काही पटेना. एवढ्याशा गावाला एवढं मोठं कोर्ट कशाला?
– एक आजी

उत्तर : जावई बरोबर आहेत आणि तुम्हीही. ते इलिनॉयमधल्या मकूपिन कौंटीचं, म्हणजे राज्याखालच्या एका विभागाचं, कोर्टहाउस. त्याचा आराखडा करणाऱ्या एलायजा मायर्सने पुढे मिशिगन, टेक्सस आणि कोलोरॅडो या तीन राज्यांची विधानभवनं आखली. कार्लिनव्हिलला त्याची रंगीत तालीम झाली म्हणा ना. आजही या गावाची वस्ती सहा हजारांच्या आत आहे. घुमटाचं टोक मात्र रस्त्यापासून सुमारे १९० फुटांवर.

गोष्ट सुरू होते १८६७ साली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि जुनं कोर्टहाउस अपुरं पडत होतं. नवं बांधायला समिती नेमली गेली. तिच्यात न्यायाधीश थॅडियस लूमिस होते, कौंटीचं दप्तर, म्हणजे नोंदवह्या, सांभाळणारे कौंटी क्लार्क जॉर्ज हॉलिडे होते, आणखी दोघे होते. सुरुवात ५०,००० डॉलरच्या रोख्यांनी झाली. घुमट चढायच्या आधीच खर्च काही लाखांवर गेला. रोखे निघत राहिले, कर वाढत राहिला. १८७० मध्ये काम संपलं तेव्हा आकडा १३ लाख डॉलरच्या पुढे होता. त्या काळात न्यूयॉर्क शहरात टॅमनी हॉल या राजकीय गटाचा पुढारी बॉस ट्वीड याच्या कृपेने असंच एक कोर्टहाउस वर्षानुवर्षं बांधलं जात होतं आणि पैसा कुठे मुरतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मकूपिनमधल्या शेतकऱ्यांनीही तोच हिशेब मांडला. त्याच चौकात न्यायाधीश लूमिस यांचं हॉटेल उभं राहिलं. त्याचा आराखडाही मायर्सचाच आणि दगडही तसाच चुनखडीचा. लोक काय बोलले असतील याची कल्पना तुम्हीच करा. हॉलिडेसाहेब १८७० मध्ये गाव सोडून गेले ते परत आलेच नाहीत.

कर्ज मात्र गावातच राहिलं. ते फिटलं १९१० साली. त्या जुलैत गावाने दोन दिवसांचा उत्सव केला आणि राज्यपाल चार्ल्स डिनीन यांच्या हस्ते शेवटचा रोखा जाळला. इमारत पुरी झाली त्या वर्षी जन्मलेलं पोर चाळिशीचं झालं, तेव्हा कुठे घुमटाचे पैसे चुकते झाले. गावात या इमारतीला ‘मिलियन डॉलर कोर्टहाउस’ म्हणतात. पूर्वी हे नाव चिडून घेत असावेत, आता ते कौतुकाने घेतात.

तुमच्या ‘कशाला’चं एक उत्तर असं की आपलं गाव राज्याची राजधानी होईल अशी आशा काहींना होती, असं तिथे सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. इमारतीच्या आत गेलं की वेगळंच कारण दिसतं. दारं लोखंडाची, चौकटी लोखंडाच्या, उरलेलं काम दगडाचं. नक्षीदार चौकट बघून सागवान किंवा अक्रोडाचं लाकूड वाटतं, पण टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. एवढं लोखंड कोणी हौसेखातर ओतत नाही. ते आगीच्या धाकाने ओतलेलं आहे, आणि आग लागली तर न्यायाधीश जळेल ही भीती त्यामागे नव्हती. ते खाली तिसऱ्या प्रश्नात येईलच.

प्रश्न : आमच्या समजुतीप्रमाणे कोर्टहाउस म्हणजे जिथे खटले चालतात ते. मग तुम्ही त्याला गावाचा कणा का म्हणता? अमेरिकन माणूस रोज कोर्टात जातो की काय?
– एक निवृत्त बँक अधिकारी

उत्तर : खटल्यासाठी आयुष्यात एकदाही नाही गेला तरी तो कोर्टहाउसात जातोच. कौंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासनाचा विभाग आणि तिच्या मुख्य गावाला म्हणतात काउंटी सीट. आपली मामलेदार कचेरी, दुय्यम निबंधक, कोषागार, निवडणूक शाखा आणि कोर्ट एकाच छपराखाली आणलं की जे होईल, ते म्हणजे कौंटी कोर्टहाउस. जमिनीची खरेदी नोंदवायची तिथे, घरपट्टी भरायची तिथे, लग्नाचा परवाना काढायचा तिथे, मृत्युपत्र सिद्ध करायचं तिथे. टेक्ससमध्ये गुरांच्या अंगावर उमटवायच्या डागण्यांची नोंदही कौंटी क्लार्ककडेच होते. हप्ते थकलेल्या घरांचे लिलाव कोर्टहाउसच्या पायऱ्यांवर होण्याची प्रथा जुनी आहे. टेक्ससमध्ये आजही महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते होतात.

बँकेत होतात म्हणून तुम्हाला क्लार्कच्या दप्तरखान्यात न्यायला आवडलं असतं. तिजोरीसारखं जाड पोलादी दार असतं. आत भिंतीभर लोखंडी फडताळं, आणि फडताळाच्या प्रत्येक कप्प्यात खाली रूळ बसवलेले. कारण खरेदीखतांची बाडं एवढी जड की नुसत्या फळीवरून ओढली तर बांधणी फाटेल. रुळांवरून बाड सरसर बाहेर येतं, मग ते दोन्ही हातांनी उचलून उतरत्या उंच मेजावर ठेवायचं. मेजाला खुर्ची नसते, उभ्यानेच वाचायचं. सूची दोन असतात. एक देणाऱ्यांच्या नावाने, एक घेणाऱ्यांच्या नावाने. आजच्या मालकापासून सुरुवात करून घेणाऱ्यांच्या सूचीत त्याचं नाव शोधायचं. त्याला कोणी विकली ते कळलं की त्या विकणाऱ्याने कुणाकडून घेतली ते शोधायचं. असं मागे मागे जात सरकारने ती जमीन पहिल्यांदा दिली त्या पानापर्यंत पोचायचं. मधली एखादी कडी सापडली नाही तर मालकी लटकली. मी अशा खोलीत भिंतींची जाडी मोजत असताना शेजारी उभी असलेली म्हातारी माणसं बोट ठेवून आजोबांची चाळीस एकर शोधत असायची.

तुरुंगही बहुतेक ठिकाणी आवारात किंवा समोर असायचा. मध्यपश्चिमेकडच्या कित्येक कौंट्यांत शेरीफ तुरुंगाला जोडलेल्या घरात सहकुटुंब राहायचा आणि कैद्यांचा स्वयंपाक त्याची बायको करायची. पहिल्या पत्रातल्या आजी, तुम्ही कार्लिनव्हिलला कोर्टहाउससमोरचा छोटा दगडी तुरुंग पाहिलात का? १८६९ चा आहे. त्याच्या भिंतींत दगडांच्या सांध्यांमध्ये तोफगोळे बसवलेत. कैद्याने दगड सरकवून वाट काढू नये म्हणून ही शक्कल.

प्रश्न : सिनेमात दिसतं ते असं : चौकोनी मैदान, मध्ये कोर्टहाउस, चारी बाजूंना दुकानं. आणि कोर्टाचा दिवाणखाना नेहमी वरच्या मजल्यावर. हे संकेत कुठून आले? की दिग्दर्शकांनीच रूढ केले?
– आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : दिग्दर्शकांनी आयतं उचललं. हा प्रश्न माझ्या आवडीचा, तेव्हा जरा सैल हाताने लिहिते.

मैदानापासून सुरू करू. एडवर्ड प्राइस या भूगोलतज्ज्ञाने १९६८ मध्ये या चौकांचे प्रकार पाडले. सर्वांत जास्त पसरलेल्या प्रकाराला त्याने टेनेसीमधल्या शेल्बीव्हिल गावाचं नाव दिलं, कारण १८१० च्या त्या गावाचा चौक हा त्याचा जुना नमुना. रस्त्यांच्या आखीव जाळ्यातला एक चौकोन रिकामा सोडायचा आणि त्यात कोर्टहाउस बसवायचं. रस्ते मैदानाच्या कोपऱ्यांवरून जातात, म्हणून इमारत समोरून न दिसता तिरकी दिसते. दुसऱ्या प्रकारात रस्ते मैदानाच्या बाजूंच्या मध्यावर येऊन थांबतात. त्याला त्याने पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचं नाव दिलं. तिथे मैलभरावरून येणाऱ्यालाही रस्त्याच्या टोकाशी इमारत नाकासमोर दिसते. दुकानदारांना शेल्बीव्हिलचा प्रकार सोयीचा पडला असावा, कारण चौकाची दुकानांची रांग मध्येच रस्त्याने तुटत नाही.

आता वास्तुरचनाकाराची पंचाईत बघ. चारी बाजूंना दुकानं म्हणजे इमारतीला मागची बाजू राहिलीच नाही. कोळसा कुठून आणायचा, संडास कुठे घालायचे? दर्शनी दार एकाच बाजूला ठेवलं तर बाकीच्या तीन बाजूंचे व्यापारी रुसतात. म्हणून चारी बाजूंना दारं, चारी बाजूंना सारखा थाट. टेक्ससमध्ये जेम्स रायली गॉर्डनने यावर काढलेली तोड मला फार आवडते. वॉक्साहाची गावातलं एलिस कौंटीचं कोर्टहाउस १८९७ मध्ये पुरं झालं. तांबडा वालुकाश्म आणि गुलाबी ग्रॅनाइट, वास्तुरचनाकार हेन्री हॉब्सन रिचर्डसनने लोकप्रिय केलेली जाडजूड कमानींची रोमनेस्क शैली. आराखडा बेरजेच्या (+) चिन्हासारखा. गॉर्डनने दारं चिन्हाच्या बगलांत, म्हणजे कोपऱ्यांत घातली. शेल्बीव्हिल चौकात माणसं कोपऱ्यांवरूनच येतात, त्यामुळे दार थेट त्यांच्या वाटेवर आलं. आणि मध्यावर, जिन्याच्या वर, उंच मनोरा. मनोरा घड्याळासाठी, मिरवण्यासाठी तर होताच, पण टेक्ससच्या उन्हाळ्यात तो धुराड्याचं कामही करायचा. तापलेली हवा मधल्या पोकळीतून वर निघून जायची आणि बगलांतल्या सावलीतली गार हवा आत ओढली जायची. विजेचा पंखा नसतानाची ही व्यवस्था. तिथल्या खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या चेहऱ्यांबद्दल एका पाथरवटाच्या फसलेल्या प्रेमाची गोष्ट गावात सांगतात. चेहरा सुंदर होता, नकार मिळाल्यावर कुरूप होत गेला वगैरे. ऐकायला छान आहे, पण वाकडी तोंडं रोमनेस्क इमारतींवर सगळीकडेच असतात. त्या गोष्टीसाठी मान दुखवून घेऊ नकोस, मनोऱ्याकडे बघ.

आता वरच्या मजल्यावरचं कोर्ट. याचं उत्तर खालच्या मजल्यावर आहे. खाली दप्तर. दप्तर जड, म्हणून जाड भिंती. आगीची भीती, म्हणून छोट्या छोट्या बंद खोल्या आणि विटांच्या कमानींचं छत. वास्तुरचनाकार रॉबर्ट मिल्सने १८२७ मध्ये साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनला सरकारी कागदपत्रांसाठी बांधलेली कचेरी ‘फायरप्रूफ बिल्डिंग’ याच नावाने ओळखली जाते. त्या राज्यातल्या लहान गावांसाठीही त्याने असेच नमुने दिले : खाली कमानींच्या कचेऱ्या, बाहेरून दुहेरी जिना, वर कोर्ट. कोर्टाला याच्या अगदी उलट गोष्टी हव्या असतात. मोठं सलग दालन, मध्ये खांब नको, उंच खिडक्या, बाजाराच्या धुळीपासून आणि घोड्यांच्या टापांपासून लांब. खांबाशिवाय रुंद दालन हवं तर ते छपराच्या कैच्यांखालीच, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांखालीच, सोपं पडतं, कारण डोक्यावर दुसरा मजला पेलायचा नसतो. म्हणजे न्यायदेवता उच्चासनावर बसली ती बरीचशी कागदांनी तळमजला अडवला म्हणून.

आगीची भीती पोकळ नव्हती. व्हर्जिनिया आणि जॉर्जियातल्या कित्येक कौंट्यांचं दप्तर आगींत आणि युद्धात गेलं. वंशावळी शोधणारे आजही त्यांना ‘जळालेल्या कौंट्या’ म्हणतात. कार्लिनव्हिलच्या लोखंडी चौकटींचं कारण इथे आहे.

वरच्या मजल्याची किंमतही पडली. टेनेसीमधल्या डेटनला, १८९१ मध्ये बांधलेल्या रिया कौंटीच्या कोर्टहाउसात, जुलै १९२५ मध्ये शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. वरच्या दालनात माणसं इतकी दाटली की जमीन खचेल या धास्तीने न्यायाधीश रॉल्स्टन यांनी २० जुलैला सगळं कामकाज खाली हिरवळीवर नेलं. उकाडा होताच. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी फिर्यादी बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला बोलावून बायबलवर उलटतपासणी घेतली, ती झाडाखाली मांडलेल्या फळ्यांवर. तो गाजलेला प्रसंग भिंतींच्या आत घडलाच नाही, कारण तुळयांवर कुणाचा भरवसा नव्हता. शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये वरच्या कोर्टाने तो तांत्रिक मुद्द्यावर रद्द केला : ५० डॉलरहून जास्त दंड ज्यूरीने ठरवायचा असतो, इथे न्यायाधीशांनी ठरवला होता.

दुसरी किंमत याहून वाईट. त्याच टेनेसीत पोक कौंटीच्या कोर्टहाउसला लिफ्ट नव्हती. १९९६ मध्ये पायांनी अधू असलेल्या एका आरोपीला तारखेला हजर राहण्यासाठी दोन जिने सरपटत चढावे लागले. पुढच्या तारखेला त्याने सरपटायला आणि कुणी उचलून न्यायलाही नकार दिला, तेव्हा गैरहजर म्हणून त्याला अटक झाली. ‘टेनेसी विरुद्ध लेन’ या नावाने हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल अपंगांच्या बाजूने लागला : न्यायालयाची वाट अडली तर राज्यावर दावा लावता येतो. तुझ्या वर्गात जिन्याचा डौल शिकवतील तेव्हा हा निकाल शेजारी ठेव.

प्रश्न : सगळ्यात जुनं कोर्टहाउस कुठलं? स्पर्धा परीक्षेसाठी हवं आहे.
– एक वाचक

उत्तर : परीक्षेत हे विचारतील असं वाटत नाही. व्हर्जिनियातलं किंग विल्यम कौंटीचं कोर्टहाउस साधारण १७२५ चं, सतत वापरात असलेल्यांपैकी सर्वांत जुनं म्हणून त्याचं नाव घेतात. एक मजली, विटांचं, पुढे कमानींची पडवी. थोडी भर घालते. यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने १८६५ च्या ९ एप्रिलला ‘अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस’ इथे शरणागती पत्करली असं वाचाल, तर ते गावाचं नाव आहे. शरणागती झाली मॅक्लीन यांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत. रविवार होता, कोर्ट बंद होतं.

प्रश्न : कोर्टहाउस कुठल्या गावात असावं यावरून तिकडे गोळीबार व्हायचे असं वाचलं. अतिशयोक्ती ना?
– एक निवृत्त तलाठी

उत्तर : तुमच्यासारख्या दप्तर सांभाळलेल्या माणसाला तरी अतिशयोक्ती वाटू नये! कॅन्ससमधल्या ग्रे कौंटीत सिमारॉन आणि इंगल्स या दोन गावांत हा मान कुणाचा यावरून भांडण पेटलं होतं. १२ जानेवारी १८८९ ला इंगल्सची माणसं गाडी घेऊन सिमारॉनला आली. डॉज सिटीचे नावाजलेले बंदूकबाज त्यांनी सोबत आणले होते. ती न्यायाधीशाला पळवायला आली नव्हती. ती बाडं न्यायला आली होती. ज्याच्याकडे खरेदीखतं आणि करांच्या वह्या, तोच काउंटी सीट, हे गणित दोन्ही गावांना पक्कं ठाऊक होतं. गोळ्या चालल्या, सिमारॉनचा एक माणूस मेला. आज ग्रे कौंटीचं मुख्य गाव सिमारॉनच आहे आणि इंगल्स लहानसं खेडं आहे.

मान गेला की वकील जातात, हॉटेलं जातात, जमिनीचे भाव पडतात. म्हणून कधी इमारतच उचलून न्यायची. नेब्रास्कातल्या बॉक्स बट कौंटीचं कोर्टहाउस १८९९ मध्ये हेमिंगफर्डहून अलायन्सला सुमारे वीस मैल रेल्वेवरून नेलं. आख्खी इमारत, सुटी करून नव्हे. इलिनॉयच्या लोगन कौंटीत मान पोस्टव्हिलकडून माउंट पुलॅस्कीला आणि तिथून १८५५ मध्ये रेल्वेकाठच्या नव्या लिंकन गावाला गेला. पोस्टव्हिलच्या लाकडी कोर्टहाउसात अब्राहम लिंकन वकिली करायचे, म्हणून १९२९ मध्ये हेन्री फोर्डने ते विकत घेऊन मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात नेलं. गावाने १९५३ मध्ये मूळ जागी प्रतिकृती बांधली. माउंट पुलॅस्कीचं मूळ कोर्टहाउस मात्र जागेवर आहे. मान इतक्या लवकर गेला की पाडून मोठं बांधायचं कारणच उरलं नाही.

प्रश्न : घुमट, कमानी, मनोरे यांचं कौतुक पुरे झालं. दक्षिणेत याच इमारतींत काळ्या माणसांना न्याय नाकारला गेला. त्याबद्दल तुमच्या सदरात एक ओळ नाही.
– एक वकील

उत्तर : मागच्या अंकात नव्हती, हे खरं. आणि तो अन्याय नकाशातही काढलेला असायचा : दक्षिणेतल्या कोर्टांत काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळा सज्जा, त्याला वेगळा जिना. मी ज्या दप्तराबद्दल लिहिते आहे त्यातही तो आहे. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी कोर्टहाउसात दाखल व्हायची, आणि तिच्यात नांगर, घोडे, पलंग यांच्या रांगेत गुलाम माणसांची नावं, पुढे किंमत. वारसांचे वाद मिटवायला या गुलाम माणसांचे लिलाव पायऱ्यांवर व्हायचे. सेंट लुईसच्या जुन्या कोर्टहाउसच्या पायऱ्यांवरही ते झाले. ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाने स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला तो त्याच इमारतीत. आज कित्येक काळ्या कुटुंबांना गुलामगिरी संपली त्या १८६५ च्या मागे पूर्वजांचा माग काढायचा तर याच याद्यांकडे यावं लागतं.

मिसिसिपीत समनर नावाचं अगदी लहान गाव आहे. टॅलाहाची कौंटीला दोन मुख्य गावं, त्यातलं हे एक. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या कोर्टात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला चालला. ज्यूरीत सगळे गोरे पुरुष. काळ्या वार्ताहरांना वेगळ्या, पत्ते खेळायच्या मेजाशी बसवलं होतं. तासाभरात दोन्ही गोरे आरोपी निर्दोष सुटले. पुढे त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खून केल्याचं सांगितलं.

त्या इमारतीत नंतर फेरफार झाले होते. जीर्णोद्धार करताना दालन मूळ बांधणीच्या काळासारखं न करता १९५५ सालासारखं करायचं ठरलं. आमच्या व्यवसायात ‘कुठल्या सालाकडे परत न्यायचं’ यावर नेहमी वाद होतात आणि बहुधा सर्वांत देखणं साल जिंकतं. इथे लोकांनी सर्वांत लाजिरवाणं साल निवडलं. मला हा निर्णय या सगळ्या इमारतींमधला सर्वांत धाडसी वाटतो. २०२३ पासून ते कोर्टहाउस एमेट टिल आणि त्याची आई मेमी टिल-मोब्ली यांच्या राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे.

प्रश्न : इतक्या जुन्या इमारती टिकवायला पैसा कोण देतं?
– एक वाचक

उत्तर : बराच काळ कुणीच नाही. १९५० नंतर वातानुकूलन आलं. मग उंच छतांखाली खोटी छतं टांगली, सज्जे बंद केले, रंगकाम झाकलं, मनोऱ्याच्या झोताला बूच लागलं. मोजमाप घेताना खोट्या छताची एखादी फरशी सरकवून वर टॉर्च मारला की धुळीत मूळ छताचे नक्षीदार पट्टे दिसायचे. ते नुकसान एका अर्थी बरंच म्हणायचं, कारण झाकलेलं खरवडलं गेलं नाही.

टेक्ससची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे २५४ कौंट्या. १९९३ च्या १ जानेवारीला हिल्सबरोचं, हिल कौंटीचं १८९० चं कोर्टहाउस पेटलं आणि मनोरा कोसळला. त्याच कौंटीतल्या अ‍ॅबट गावचा गायक विली नेल्सन याने मदतीसाठी कार्यक्रम केला, राज्यभर हळहळ झाली. १९९८ मध्ये टेक्ससच्या सगळ्या कोर्टहाउसांची नोंद देशातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत झाली आणि १९९९ मध्ये राज्याने त्यांच्या जीर्णोद्धारासाठी अनुदानाची योजना काढली. कौंटीनेही वाटा उचलायचा, ही अट. हिल्सबरोचं कोर्टहाउस त्याच वर्षी पुन्हा उघडलं. आजवर सत्तरहून जास्त कोर्टहाउसं या योजनेतून दुरुस्त झाली आहेत. तेरा लाखांच्या घुमटावरून चाळीस वर्षं कुढणाऱ्या मकूपिनकरांनी हे ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

प्रश्न : पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे जातोय. अशा कोर्टहाउसात परक्या माणसाला आत सोडतात का? काय बघावं?
– एक वाचक

उत्तर : सोडतात. ती सरकारी कचेरी आहे, सोमवार ते शुक्रवार जा. दारात बॅग तपासतील, चाकू-कात्री हॉटेलवरच ठेवा. खटला चालू असला तरी मागच्या बाकावर बसता येतं, फोन बंद करून. आत जाण्याआधी इमारतीला एक पूर्ण फेरी मारा आणि कोनशिला शोधा. तिच्यावर समितीच्या सगळ्या सभासदांची नावं असतात, वास्तुरचनाकाराचं असेलच असं नाही. मग आधी तळमजला. क्लार्कच्या खिडकीवर जाऊन जुनी खरेदीखतं बघायची आहेत असं सांगा. कुठल्या गावचे, कशाला हवीत, असं सहसा कुणी विचारत नाही, कारण ते दप्तर सगळ्यांसाठी खुलं असतं. मुलाने तिथे घर घेतलं असेल तर त्याचंच नाव घेणाऱ्यांच्या सूचीत काढून मागे मागे जायला लागा. दुपार कशी गेली कळणार नाही. फक्त साडेचारच्या सुमाराला आवरतं घ्या, त्यांची निघायची वेळ होते.